संसारवरचं लाल टिंब

राहुरीच्या स्टँडबाहेर, रसवंतीला लागून, माझी पेंटरची टपरी होती. आत डबे आणि ब्रश ठेवायचे, पाटी बाहेर भिंतीला टेकवून रंगवायची. वडीलही हेच करायचे. जयंतीच्या कमानीवरची अक्षरं, ट्रॉलीच्या फळीवरची नावं, सोसायटीच्या भिंतीवर खताची जाहिरात. त्यांनी मला ब्रश धरायला शिकवलं, बोलायला काही शिकवलं नाही, कारण ते स्वतः बोलत नसत. मीही तसाच झालो. बायको म्हणते, तुमच्या तोंडाचं काम ब्रशच करतो. ते खरं असतं तर बरं झालं असतं. एकदा ब्रशनं नको ते करून ठेवलं, आणि तोंड उघडायची वेळ आली तेव्हा तोंडानं अर्धंच काम केलं. त्याबद्दल आजवर कुणाशी बोललो नाही. आता पन्नाशी उलटली, पाट्या रंगवणं कधीच बंद झालं, म्हणून लिहून टाकतो.

बाई मला चौथीत मराठीला होत्या. शिक्षा करायच्या नाहीत, पण वहीत अनुस्वार राहिला की त्या जागी पेनाचं टोक टेकवून तसंच धरायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. "टिंब कुठंय?" एवढंच. मी टिंब द्यायचो, मग पेन उचलायच्या. त्यांचे मालक लवकर गेले. पुढं काही वर्षांनी त्यांनी शाळा सोडली आणि राहुरीत दुकान काढलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. वाण्याच्या दुकानात फळीच्या अलीकडं उभं राहून यादी वाचायची आणि तो काय देईल ते पिशवीत घ्यायचं, एवढंच लोकांना माहीत. बाईंच्या दुकानात माल घोडीवरच्या उघड्या फळ्यांवर मांडलेला, दारात प्लॅस्टिकच्या टोपल्या. आपली टोपली आपण भरायची.

लोकांना ते पटायला वेळ लागला. दुकान उघडलं त्या आठवड्यात एक म्हातारी टोपली घेऊन दारातच उभी राहिलेली मी बघितली.

"कुनी द्याला हाय का न्हाई?"

"तुम्हीच घ्या, आजी," बाई म्हणाल्या.

"आन नंतर चोरी म्हनलं तर?"

"नाही म्हणणार."

"आत्ता न्हाई म्हनता. बाहेर पडताना म्हनाल."

शेवटी बाईंनी स्वतः तिच्याबरोबर फिरून तिची टोपली भरली. अशा कितीतरी जणींबरोबर त्या फिरल्या.

त्यांचा मान होता तो तांदळामुळे. घरामागच्या पडवीत बायका बसायच्या, सुपात तांदूळ घेऊन खडे निवडायच्या, मग तो वजन करून पाकिटात जायचा. त्या काळी तांदूळ निवडणं म्हणजे घरातल्या बाईची दुपार जायची. बाईंचं पाकीट फोडून तांदूळ थेट पातेल्यात टाकता यायचा. खडा लागला तर पाकीट परत आणा, असं त्या प्रत्येकीला सांगायच्या. कुणी आणलं नाही.

पाटी अर्थातच मी केली. नाव त्यांनीच ठरवलं होतं: संसार बाजार. पिवळ्यावर निळी अक्षरं. पाटी वर चढवायच्या आधी त्या बघायला आल्या. डोळे बारीक करून उभ्या राहिल्या आणि हातातल्या छत्रीचं टोक 'स'च्या डोक्यावर टेकवून तसंच धरलं.

"टिंब कुठंय?"

घाईत अनुस्वारच राहिला होता. ससार बाजार. निळ्याचा डबा संपलेला. हाताशी होता तो लाल, ट्रॉलीच्या कामाचा उरलेला.

"लालनं देऊ का, बाई? दिसेल बरं."

त्यांनी छत्री खाली घेतली. मग उन्हाबद्दल बोलावं तसं म्हणाल्या, "दे. माझं पुसलं, दुकानाचं असू दे."

मी ते टिंब मोठं दिलं, गोल, रेखीव, कपाळावर लावतात तसं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते टिंब, आणि ते चुकीतून निघालं होतं.

वाचता न येणाऱ्या बायका खूप होत्या. त्यांना संसारही नको होता आणि बाजारही. त्या टिकली बघून यायच्या. एसटीतून उतरल्या की विचारायच्या, "टिकलीचं दुकान कुटं हाय वो?" पुढं कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यावर बाईंची दुसरी शाखा निघाली, मग लांब तिकडं जामखेडला तिसरी. तिन्ही पाट्या मीच केल्या. तांदळाच्या पाकिटावर छापायला माझ्या अक्षराचा ब्लॉक करून घेतला, टिंब लाल शाईत. गावोगावच्या फडताळात माझं अक्षर जाऊन बसलं. मला त्याचा गर्व होता. तो मी दाखवत नसे, पण होता.

मग एक दिवस नगरहून एक माणूस आला. इस्त्रीचे कपडे, पायात बूट, पांढरी व्हॅन. रसवंतीच्या बाकड्यावर बसला, दोन ग्लास रस मागवले, एक माझ्याकडं सरकवला आणि खिशातून बाईंचं रिकामं पाकीट काढलं.

"हे अक्षर तुझं का, पेंटर?"

"हो."

"झकास अक्षर आहे. आमच्या शेठना हेच पाहिजे. नगरला मोठं दुकान काढतोय, मग श्रीरामपूर, मग संगमनेर. सगळ्या पाट्या तुझ्या."

"नाव काय?"

"संसार बझार."

मी त्याच्याकडं बघितलं. तो हसला. "बझार. झ. तुमच्या बाईंचा ज आहे ना? मग? शाळेत दोन अक्षरं वेगळी शिकवतात का नाही?"

"शिकवतात."

"झालं तर."

ह्यातली गंमत मराठी माणसाला सांगायला नको. बाजार असं लिहिलं तरी आपण त्या ज चा उच्चार झ च्या अंगानंच करतो. तेव्हा मुंबई-पुण्याकडं दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी थाटाचा बझार आला होता. लिहायला दोन, ऐकायला एकच. आणि आमच्या तिकडच्या तोंडात तर दोन्ही 'बजार'च. त्या माणसाला हे माहीत होतं. मलाही होतं.

"टिंब कसलं देऊ?" मी विचारलं.

"लाल."

"ते बाईंचं आहे."

"टिंब व्याकरणाचं असतं, पेंटर. त्यात कुणाचं काय?" त्यानं ग्लास खाली ठेवला. "लाल. ह्या पाकिटावरचंच. एवढंच मोठं."

मी नाही म्हणू शकलो असतो. पोटाची अडचण होती असं म्हणालो तर खोटं होईल. काम भरपूर होतं. मला नगरच्या मोठ्या रस्त्यावर माझं अक्षर बघायचं होतं, बस्स. आणि झ काढायला मजा येते. ज सरळ आहे. झ ला कंबर आहे, शेपूट आहे, पेंटरचा हात त्यात दिसतो. मी तो झ असा काढला की कुणीही म्हणावं, वा. मग वरती जाऊन तेच लाल टिंब दिलं. तेवढंच मोठं.

बायकोनं घरी विचारलं, "बाईंना सांगितलंत का?"

"त्यात काय सांगायचं? झ आहे."

"मला वाचता येतं म्हणून मला झ दिसला. माझ्या आईला काय दिसेल?"

मी जेवत होतो. जेवत राहिलो.

त्यानंतर संसारांचं पीकच आलं. जामखेडची शाखा बाईंनी ज्याच्यावर सोपवली होती त्यानं एका दिवाळीत बाईंना पेढे आणून दिले आणि सांगितलं की आता दुकान मी स्वतःच चालवतो, नाव नवसंसार बाजार. आशीर्वाद द्या. बाईंनी दिला. त्याला दोन गावांत शाखा निघाल्या. मग कुणीतरी सुखी संसार काढलं, कुणी श्री संसार, कुणी नुसतंच न्यू. काहींचा ज, काहींचा झ. एकेकाची चार-चार दुकानं. दशक अर्ध्यावर आलं तोवर जिल्ह्याच्या कुठल्याही स्टँडवर उतरा, समोर एक संसार असायचा. कंडक्टर लोकांना तेवढाच विनोद झाला. "कुठल्या संसारात उतरायचंय, मावशी? आधी सांगा, मग घंटी मारतो."

त्यातल्या बहुतेक पाट्या माझ्या. प्रत्येकाला टिंब लालच पाहिजे असायचं. एकदा दिल्यावर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? आणि मी नाही म्हणालो असतो तर श्रीरामपूरच्या पेंटरनं दिलं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. ते खरंही होतं, म्हणूनच ते सांगायला सोपं होतं.

बाईंनी काय नाही केलं. वकिलाकडं गेल्या. तो म्हणाला, बाई, संसार हा काय तुमचा शब्द आहे का, सगळ्या जगाचा आहे. नगरच्या झ वाल्या दुकानात स्वतः जाऊन आल्या. तिथं शेठनं त्यांना खुर्ची दिली, थंड पेय मागवलं, वाकून पाया पडला आणि म्हणाला, आम्ही तुमचंच बघून शिकलो. "पाया पडणाऱ्याशी भांडता येत नाही रे," त्या मला नंतर म्हणाल्या. नगरची पाटी कुणी रंगवली हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही. माझं अक्षर त्या चौथीपासून ओळखत होत्या.

लोकांना मात्र सगळी एकाच घरची दुकानं वाटायची. बाईंनी केवढा पसारा वाढवला, असं लोक कौतुकानं म्हणायचे. बाई प्रत्येकाला सांगायच्या, ते माझं नाही. समोरचा हसून मान हलवायचा. त्याला वाटायचं, बाई विनयानं बोलतात.

त्या दिवशी मी कोल्हारच्या शाखेत भाव लिहायच्या काळ्या फळ्याची चौकट रंगवत होतो. बाईही तिथंच होत्या. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. एक शेतकरी आत आला, बरोबर भावकीतली पाचसात माणसं. बाईंचं जुनं गिऱ्हाईक, चांगला माणूस. हातात अर्धं पाकीट. ते त्यानं गल्ल्यासमोर ठेवलं, आपटलं नाही.

"बाई, काल पोरीचा साखरपुडा हुता."

"हो, तुम्ही बोलावलं होतं. मला जमलं नाही यायला."

"बरं झालं आला न्हाईत." त्यानं पाकिटावर बोट ठेवलं. "व्याह्यांचा दात गेला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं वळून बघितलं, तसं थांबलं.

"हलत हुता म्हनत्यात. हलत असंल. पन गेला तो आमच्या भातातल्या खड्यानं. पैल्या पंगतीला, पैल्या घासाला. रक्त आलं तोंडातनं. मानसं पानावरनं उटली. आता लग्नाचं इचारलं तर म्हनत्यात, बगू."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा घातला, पाकीट उजेडाकडं धरलं आणि पाटी तपासावी तसं तपासलं. मग त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं.

"हे आमचं नाही. हे बघा, झ आहे. नगरचं आहे हे. आमचा ज."

"मंडळी गेल्ती नगरला साड्या घ्यायला," तो म्हणाला. "टिकली बगितली आन आत शिरली. म्हनली, बाईंचंच दुकान, हितनंच तांदूळ घेऊ, तेवढीच कोल्हारची खेप वाचंल."

"पण ते माझं दुकान नाही. अक्षर बघा ना."

"आवो बाई, आमाला ज बी येत न्हाई आन झ बी येत न्हाई. आमी काय बगायचं?"

बाईंना त्या घडीला एकच गोष्ट हवी होती: खडा तुमचा नव्हता, एवढं ह्या लोकांनी म्हणावं. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका वाक्यावर आलं होतं. त्या माझ्याकडं वळल्या. वर्गात वळायच्या तशाच.

"हा पेंटर. आमची पाटी ह्यानं केली. ह्याला विचारा. तू सांग रे ह्यांना."

मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. हात पुसले. पुढं आलो. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी काळ्या फळ्यावर खडूनं दोन अक्षरं काढली. ज. झ.

"हे बाईंचं," मी म्हणालो. "हे नगरवाल्यांचं. अक्षर वेगळं आहे."

"ते वेगळं असंल," तो शेतकरी म्हणाला. माझ्याशी तो अगदी नीट बोलत होता, खरंच समजून घ्यायचं होतं त्याला. "पन टिकली तर तीच हाय ना? दोनी टिकल्या येकाच हातच्या दिसत्यात. ती कशी काय?"

तिथं सांगायचं होतं. ती मी दिली. ह्यांना विचारल्याशिवाय दिली. ह्यांचा त्यात संबंध नाही. एवढंच होतं, त्याच्यापुढं काही नव्हतं. मी फळ्याकडं बघत राहिलो, आणि मग, देवाशपथ, मी त्या झ ची शेपटी खडूनं नीट केली. ती जरा वाकडी आली होती.

"बोला की पेंटर," भावकीतला एक जण म्हणाला.

"असतं तसं," मी म्हणालो. "टिंब काय, सगळ्यांचं सारखंच."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग चष्मा काढला आणि दुकानात कामाला असलेल्या पोरीला हाक मारून सांगितलं, "ह्यांना आपल्या तांदळाची पाकिटं दे. लागतील तेवढी दे."

"नगं, बाई. आमी भांडाया न्हाई आलो."

"घ्या. खडा लागला तर परत आणा म्हणून मी सांगितलं होतं. तुम्ही आणलंत."

तो पाकिटं घेऊन गेला. जाताना त्यानं बाईंना नमस्कार केला. पण दारात त्याच्या भावकीतला एक जण दुसऱ्याला म्हणाला ते मी ऐकलं, बाईंनीही ऐकलं असणार. "बदलून दिला म्हंजी त्येंचाच हुता."

गोष्ट गावोगाव गेली. खड्यापेक्षा दाताची जास्त गेली, हसत हसत. नवसंसारचं पाकीट घेऊन लोक बाईंकडं बदलायला येऊ लागले, श्रीचं घेऊन येऊ लागले. किडके शेंगदाणे, खवट तेल, काहीही. बाई आधी समजावायच्या, मग नुसतंच बदलून द्यायच्या. त्या पोरीचं लग्न पुढं त्याच घरात झालं. तांदूळ वाण्याकडून आणला होता, असं कळलं. मला ते कळल्यावर किती बरं वाटलं, आणि लगेच किती वाईट वाटलं, ते मला एकत्र लिहिता येत नाही.

काही महिन्यांनी बाईंचा निरोप आला, शिडी घेऊन ये. राहुरीच्या दुकानासमोर त्या उभ्या होत्या, दुपारची वेळ, डोक्यावर तीच छत्री.

"टिंब काढायचंय," त्या म्हणाल्या.

"काढायचं? मग ते ससार होईल, बाई."

"होऊ दे."

"दुसऱ्या रंगात करू का? हिरवं करतो. कुणाचंच नाही हिरवं."

त्या शांतपणे म्हणाल्या, "हिरवं केलंस की उद्या त्यांनाही हिरवं करून देशील."

बस. ह्या विषयावर त्या माझ्याशी जे बोलल्या ते एवढंच. आवाज चढला नव्हता. मी शिडी धरून उभा राहिलो. आता तरी म्हणावं, बाई, चुकलं. शब्द तोंडात तयार होते. पण मला असंही वाटलं, की चुकलं म्हणालो तर त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल, जाऊ दे म्हणावं लागेल, आणि तेवढंही ओझं मी त्यांच्यावर का टाकू? हा विचार चांगुलपणाचा होता की भित्रेपणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पूस," त्या म्हणाल्या.

वर चढलो. वाळून दगड झालेला ऑइलपेंट कापडानं पुसला जात नाही. त्याच्यावर पिवळा मारावा लागतो. एक हात मारला, लाल खालून दिसत राहिलं. वाळू दिलं, दुसरा मारला. तरी उन्हात गुलाबी छटा दिसायची. खाली बाई छत्री धरून शेवटपर्यंत उभ्या होत्या. मी उतरलो तेव्हा त्या वर बघत म्हणाल्या, "ससार." मुलाकडून धडा वाचून घ्यावा तसं. मग आत गेल्या.

टिकली बघून येणाऱ्या बायका आल्या, दारापर्यंत आल्या, पाटीकडं बघितलं आणि पुढं गेल्या. शाळेतली पोरं मोठ्यानं ससार बाजार वाचून हसायची. कोल्हारचं दुकान आधी गेलं. राहुरीचं दशक संपता संपता. बाकीचे संसार बरीच वर्षं टिकले. काही आपसात भांडले, काहींनी एकमेकांवर दावे लावले, की संसार आमचाच. मग फ्लेक्स आला, अक्षर काढणाऱ्या हाताची गरज संपली, आणि संगणकानं सगळ्यांना एकसारखी टिंबं दिली.

दुकान बंद झाल्यावर बाईंनी पाटी घरी नेली होती. मी बऱ्याच वर्षांनी गेलो, त्या आजारी आहेत असं ऐकून. अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पाटी टाकलेली, अक्षरं वर. तिच्यावर त्यांनी सुपातले तांदूळ उन्हाला पसरले होते आणि शेजारी स्टुलावर बसून सवयीनं खडे बघत होत्या. डोळ्यांना फारसं दिसत नसावं. बोटांनी चाचपत होत्या. उन्हापावसानं माझा पिवळा पापुद्रे धरून उडाला होता. तांदळाच्या कडेला, स च्या वर, लाल टिंब पुन्हा बाहेर आलं होतं. थोडं फिकं, पण पुरतं गोल.

मी तिकडं बघत राहिलो.

"काय बघतोस रे?" बाई म्हणाल्या.

"काही नाही, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि सूप माझ्याकडं सरकवलं. "बस मग. तुझे डोळे चांगले आहेत. एवढे बघून दे."

मी बसलो. ऊन उतरेपर्यंत तांदूळ निवडले. एक खडा सापडला, बारीक, तांदळासारखाच पांढरा. तो मी त्यांना दाखवला नाही. खिशात टाकला.